सिमेटरी बागेसारखी दिसते म्हणून तिची बाग करू नका

एप्रिल आला की कोपनहेगनच्या बिस्पेबियर्ग सिमेटरीतली चेरी फुलते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांच्या फांद्या वर एकमेकींत शिरतात आणि खालून चालताना काही दिवस आभाळ दिसतच नाही, नुसता गुलाबी रंग. आणि त्याच सुमारास इथल्या आपल्या मराठी मंडळींमधे दरवर्षीचा वाद सुरू होतो. कोणीतरी मुलाबाळांना घेऊन गेल्याचे फोटो टाकतं, मग कोणीतरी विचारतं की स्मशानात जाऊन फोटो कसले काढता, तिथे लोकांची माणसं पुरलीयेत. त्यावर उत्तर येतं की अहो काका ते पार्कच आहे, इथले लोक स्वतः सिमेटरीत टॉवेल टाकून उन्हात पडतात, हा देश धर्मबिर्म सगळं मागे टाकून पुढे गेलाय. मग गाडी आपल्या गावाकडच्या स्मशानभूमीच्या अवस्थेवर जाते आणि तिथेच अडकून बसते. दोन्ही बाजू तावातावाने भांडतात पण दोघांचं गृहीत एकच आहे, की जागा एकतर स्मशान असते नाहीतर बाग, आणि बागेसारखं दिसायला लागलं म्हणजे स्मशानपण संपलं.

डॅनिश लोकांमधेही हाच वाद आहे, फक्त तिकडे प्रश्न फोटोंचा नसून जमिनीचा आहे. या देशात आता दहातल्या आठांहून जास्त लोकांचं दहन होतं. शवपेटीला जेवढी जागा लागते त्याच्या कितीतरी कमी जागेत राखेचा कलश मावतो, त्यामुळे सिमेटऱ्यांमधे मोठमोठे तुकडे रिकामे पडायला लागलेत आणि ते राखायचा खर्च काही कमी होत नाही. मग एक गट म्हणतो पार्क करा, शहराला हिरवळ हवीये, आणि दुसरा गट म्हणतो मृतांच्या जागेला हात लावू नका.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लोकांनी सिमेटरीत यावं, चालावं, मुलांना आणावं, फुलं बघावीत, यात काहीही गैर नाही. पण या जागा इतक्या सुंदर आहेत त्याचं कारणच हे आहे की तिथे अजूनही माणसं पुरली जातात. पुरणं थांबवून नुसतं पार्क केलं तर ज्या गोष्टीसाठी आपण तिथे जातो ती हळूहळू जाईल. म्हणून रिकाम्या तुकड्यांचं काय करायचं याचं पहिलं उत्तर पार्क असू नये, तिथे दफन चालू कसं ठेवता येईल हे असावं.

आधी ती जागा काय आहे ते नीट बघूया, कारण या वादात बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी चेरीच्या रस्त्यापलीकडे काही पाहिलेलंच नसतं. बिस्पेबियर्गची सिमेटरी १९०३ सालची. तिच्याजवळ टेकाडावर जे प्रचंड पिवळं चर्च दिसतं, ग्रुंटविगचं चर्च, ते नंतरचं आहे. म्हणजे इथे चर्चच्या आवारात कबरी आल्या नाहीत, आधी कबरी आल्या आणि मग चर्च. ग्रुंटविग म्हणजे एकोणिसाव्या शतकातले पाद्री, कवी आणि शेतकऱ्यांच्या पोरांसाठी लोकशाळांची कल्पना मांडणारा माणूस, त्यांच्या स्मरणार्थ येन्सेन-क्लिंट या आर्किटेक्टने हे डिझाईन केलं. स्पर्धा १९१३ ची, बांधकाम सुरू झालं १९२१ मधे, १९३० मधे क्लिंट वारले, मग मुलगा कोरे क्लिंट याने काम पूर्ण केलं आणि १९४० मधे, म्हणजे देश जर्मनांच्या ताब्यात गेला त्याच वर्षी, चर्च उघडलं. जवळपास ६० लाख विटा. समोरची भिंत बघितली तर डेन्मार्कच्या खेड्यातल्या छोट्या चर्चची पायऱ्यापायऱ्यांची तिकोनी भिंत ४९ मीटरपर्यंत वर ओढलीये असं वाटतं. आत गेलं की भिंतींवर चित्र नाही, नक्षी नाही, खांब विटेचे, कमानी विटेच्या, उपदेशाचं व्यासपीठसुद्धा विटेचं, आणि बसायला कोरे क्लिंटच्या साध्या लाकडी खुर्च्या, सीट विणलेली. बाहेरची बैठी घरंसुद्धा त्याच पिवळ्या विटेची, त्याच आर्किटेक्टच्या आराखड्यातली. इतकी मोठी वास्तू आणि त्यात श्रीमंती दाखवणारी एक वस्तू नाही, मी इतकी मोठी आणि इतकी साधी दुसरी इमारत बघितलेली नाही.

आणि हे चर्च रविवारी बऱ्यापैकी रिकामं असतं. इथून आपल्या वादातलं पहिलं चुकीचं वाक्य निघतं, की बघा डॅनिश लोकांना देवाचं काही नाही. अहो, पण मग या देशाचे ७० टक्क्यांच्या आसपास लोक अजून फोल्केकिर्केचे, म्हणजे इथल्या राष्ट्रीय चर्चचे, सभासद का आहेत आणि दर महिन्याला चर्चचा टॅक्स का भरतात? सभासदत्व सोडायला कोणाची भीती नाही, एक फॉर्म भरला की झालं. नव्वदच्या दशकात हाच आकडा नव्वदीच्या जवळ होता, म्हणजे घट नक्की आहे, ती मी नाकारत नाही. पण जे राहिलेत ते बहुतेक बाप्तिस्म्याला, मुलं चौदापंधराची झाली की कन्फर्मेशनला, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करायच्या विधीला, लग्नाला आणि सगळ्यात जास्त म्हणजे अंत्यसंस्काराला येतात. बाळ जन्माला आलं की देशाच्या बहुतेक भागात नोंद चर्चच्या ऑफिसमार्फतच होते, आईवडील कुठल्याही धर्माचे असोत. आपण धर्म मोजतो तो देवळातल्या गर्दीवरून, आणि मग गर्दी नाही म्हणजे धर्म नाही असं आपल्याला वाटतं. इथे तो जन्ममरणाच्या सार्वजनिक व्यवस्थेत मुरलेला आहे. लुथरन चर्चला सरकार आधार देईल असं १८४९ च्या राज्यघटनेत लिहिलं, ते आजच्या राज्यघटनेतही चौथ्या कलमात आहे. हे योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे, आणि बिगरसभासदांच्या करातले पैसेही काही प्रमाणात तिकडे जातात ही तक्रार मला रास्त वाटते. पण "धर्म संपला म्हणून स्मशानाची बाग झाली" हे सरळ चूक आहे.

आता बागेकडे. या सिमेटऱ्या आपोआप अशा दिसत नाहीत. कोपनहेगनच्या उत्तरेला गेन्टॉफ्टेमधे मारीबियर्ग नावाची सिमेटरी आहे, १९२५ ते १९३६ च्या दरम्यान जी. एन. ब्रांट या लँडस्केप आर्किटेक्टने घडवलेली, ती या सगळ्या प्रकाराची पाठशाळा म्हणायला हरकत नाही. सरळ रस्ते, आणि उंच छाटलेल्या कुंपणांच्या भिंती घालून केलेल्या खोल्याच खोल्या. प्रत्येक खोलीचा स्वभाव वेगळा. एकीत ओळीने कबरी, एकीत झाडांखाली विखुरलेल्या, एकीत नुसती हिरवळ आणि खाली कलश, वर नाव नाही. चालताना एकदम सगळं दिसत नाही, एका खोलीतून दुसरीत जावं लागतं. आणि यातली हुशारी अशी की एक खोली रिकामी झाली, किंवा तिचा वापर बदलला, तरी बाकीच्यांचा तोल जात नाही. म्हणजे आज ज्यावर भांडण चाललंय त्याचं उत्तर निदान नकाशात तरी शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेलं आहे.

त्यात रोजचं काम येतं. प्रत्येक कबरीभोवती छोटं छाटलेलं कुंपण, आत खडी दाताळ्याने ओढलेली, मोसमाप्रमाणे फुलं बदललेली. थंडी सुरू झाली की कबरींवर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या हिरव्या फांद्या नक्षीसारख्या अंथरतात, ते बघायला खास नोव्हेंबर-डिसेंबरात जावं, चेरीच्या दसपट शांत आणि माझ्या मते दसपट सुंदर. हे काम सिमेटरीचे माळी करतात, आणि त्याचे पैसे बऱ्याच ठिकाणी घरचे लोक देतात, किंवा घरचे स्वतः येऊन करतात. म्हणजे या बागेला हजारो मालक आहेत ज्यांना आपापल्या दोन बाय एक मीटरची काळजी आहे. कुठल्या पार्कला असे मालक असतात?

आता जी गोष्ट ऐकून आपले लोक सगळ्यात जास्त हादरतात ती. इथे कबर कायमची नसते. शवपेटीसाठी साधारण २० वर्षं, कलशासाठी १० वर्षं जागा राखलेली असते, नंतर नातेवाईकांनी पैसे भरून मुदत वाढवली तर ठीक, नाहीतर दगड काढतात आणि जागा दुसऱ्याला. मेल्यावरसुद्धा भाडं, असं म्हणून आपले लोक तोंडावर हात ठेवतात. मला यात धक्का बसण्यासारखं काय आहे ते कळत नाही. आपण हिंदू तर जाळून राख पाण्यात सोडतो, तेराव्यानंतर त्या माणसाच्या नावाची एक चौरस फूट जागा कुठे उरत नाही. आणि आपल्याकडच्या ख्रिश्चनांना विचारा. मुंबईत, वसईत, गोव्यात जागेच्या टंचाईमुळे काही वर्षांनी कबर उघडून अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची आणि तीच कबर पुढच्यासाठी वापरायची ही रोजची पद्धत आहे, त्यात कोणाला अपमान वाटत नाही, उलट कुटुंब येऊन प्रार्थना करून ते करतं. कायमची वैयक्तिक कबर हीच खरी श्रद्धा, हे कोणी ठरवलं?

पार्कवाल्यांचा सगळ्यात तगडा मुद्दा नेमका इथे आहे आणि तो कोणी नीट मांडत नाही म्हणून मीच मांडतो. जर कबरच वीस वर्षांची, तर त्या जमिनीचं पावित्र्य ते काय उरलं? शेवटच्या कबरीची मुदत संपली, नातेवाईक नाहीत, मग त्या तुकड्यावर मुलांना फुटबॉल का खेळू देऊ नये? वर शहरात जागेला सोन्याचा भाव, नॉरेब्रोसारख्या दाट वस्तीत घराला अंगण नाही, लोकांनी जायचं कुठे? आणि पुरावाही त्यांच्याकडे आहे, नॉरेब्रोमधलीच असिस्टन्स सिमेटरी. हान्स क्रिश्चन अँडरसन तिथे आहे, तत्त्वज्ञ किर्केगार्ड तिथे आहे, शास्त्रज्ञ नील्स बोर तिथे आहे, आणि त्याच भिंतीच्या आत उन्हाळ्यात लोक पुस्तक वाचत पडलेले असतात, सायकलवाले जात असतात, तान्ही मुलं गाड्यांमधे झोपलेली असतात. काही कोसळलं का? काही नाही.

खरंय, काही कोसळलेलं नाही. पण का नाही ते बघा. असिस्टन्समधे आजही काही भागांत दफन होतं. कुठे आडवं पडायचं आणि कुठे नाही हे लोक पाटी न वाचताही ओळखतात, कारण वीस पावलांवर ताजी फुलं ठेवलेली कबर असते आणि तिच्यापाशी कोणीतरी गुडघे टेकून बसलेलं असतं. म्हणजे पार्क झालेला भाग हा न झालेल्या भागाच्या जिवावर शांत आहे. हा दाखला पार्कवाल्यांचा समजला जातो, मला तो माझ्या बाजूचा वाटतो.

आणि सिमेटरीत जाऊन बसणं ही आजची फॅशनही नाही. १७११ च्या प्लेगमधे कोपनहेगनची तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास माणसं गेली, शहरातल्या चर्चच्या आवारांत पुरायला जागा उरली नाही, आणि पुढे १७६० मधे तटाच्या बाहेर गरिबांसाठी म्हणून असिस्टन्स सुरू झाली. प्रतिष्ठित लोक तिकडे फिरकायला तयार नव्हते. १७८५ मधे एका बड्या अधिकाऱ्याने स्वतःहून सांगितलं की मला तिथेच पुरा, मग हळूहळू तीच जागा मानाची झाली. आणि मानाची झाली तशी फिरायची झाली, लोक शिदोरी घेऊन, पिऊन, गाणीबजावणी करायला तिथे जायला लागले, इतके की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नियम करावे लागले की इथे खाणंपिणं आणि वाद्यं वाजवणं चालणार नाही. म्हणजे "आजकाल लोकांना मृतांचा आदर राहिला नाही" हे वाक्य दोनशे वर्षं जुनं आहे. आणि इतकी सगळी मौजमजा होऊनही सिमेटरी टिकली, ती लोकांना हाकलून दिलं म्हणून टिकली नाही. त्या काळात आणि नंतरही तिथे सतत माणसं पुरली जात होती, म्हणून नियम करायला आणि पाळायला दर पिढीला ताजं कारण मिळत गेलं.

जमिनीचा हिशोब घ्या. पार्कवाले म्हणतात आम्ही हिरवळ वाचवतोय. पण शहरातल्या हिरवळीला सगळ्यात भक्कम संरक्षण कुठलं? मोकळ्या मैदानावर रस्ता काढायचा, शाळा बांधायची, पार्किंग करायचं तर एक ठराव पुरतो. कबरीवर ते करता येत नाही. मेट्रोच्या नव्या वर्तुळ मार्गासाठी, जो २०१९ मधे सुरू झाला, असिस्टन्सचा एक कोपरा घेतला गेला, तिथे आता स्टेशन आहे, त्यामुळे कबरींना हात लागतच नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यासाठी पुरातत्त्वाच्या लोकांना आणून एकेक सांगाडा हाताने काढावा लागला, नोंदवावा लागला, शहरभर चर्चा झाली. हिरवळीचा कोपरा असता तर एका आठवड्यात पत्रे लागले असते आणि कोणाला कळलंही नसतं. ज्यांना खरंच हिरवळ प्यारी आहे त्यांनी त्या तुकड्यांमधे कलश पुरले जातील हे बघावं. सिमेटरीतली वैयक्तिक कबर वीस वर्षांची असते पण एकामागून एक कबरी येत राहिल्या तर जागा कायम संरक्षित राहते. कबरीची मुदत संपते म्हणून जागेचीही संपली असं मानणं, हीच पार्कवाल्यांच्या युक्तिवादातली फट आहे.

चर्चचं काय मग, असंही कोणी विचारेल. व्हेस्टरब्रोतलं अबसालॉनचं चर्च बंद करून २०१५ मधे लोकांचं घर केलं, तिथे आता रोज लांब टेबलांवर अनोळखी लोक एकत्र जेवतात, आणि ते उत्तम चाललंय हे मी मनापासून कबूल करतो. इमारतीला दुसरा वापर देता येतो, आवडला नाही तर परत पहिला देता येतो. सिमेटरीतली दफनाची साखळी एकदा तोडली की परत जोडायला कोण येणार? जिथे आपल्या ओळखीचं कोणीच नाही तिथे आपली आई पुरावी असं कुणाला वाटत नाही.

वापर संपलेल्या जागेचं काय होतं याचं एक उदाहरण आपल्या मराठीच्या इतिहासातच आहे. बंगालमधलं श्रीरामपूर १७५५ ते १८४५ डेन्मार्कच्या ताब्यात होतं. विल्यम कॅरे या इंग्रज मिशनऱ्याने मराठीचं व्याकरण १८०५ मधे छापलं ते तिथेच, डॅनिश झेंड्याखाली. डॅनिश लोकांनी गाव इंग्रजांना विकलं आणि निघून गेले, मागे त्यांचं सेंट ओलाव्ह चर्च आणि कबरी राहिल्या. चर्च पुढे इतकं मोडकळीला आलं की बंद ठेवावं लागलं, आणि डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाने पुढाकार घेऊन दुरुस्ती झाली तेव्हा २०१६ मधे ते परत उघडलं. काम अप्रतिम झालंय, कौतुकच आहे. पण किती गोष्टी जुळाव्या लागल्या बघा, दुसऱ्या खंडातलं संग्रहालय, निधी, तज्ज्ञ. रोज वापरातल्या जागेला अशा तारणहाराची गरज पडत नाही, कुंपण वाढलं की दुसऱ्या दिवशी कोणीतरी तक्रार करतं.

रिकाम्या जागेत पुरायचं कोणाला, हा प्रश्न उरतोच, आणि मला वाटतं दोन्ही बाजू इथेच सगळ्यात कमी विचार करतात. इस्लाममधे कबर उघडणं, मुदत संपली म्हणून जागा दुसऱ्याला देणं हे पटणारं नाही, त्यामुळे २०-३० वर्षांची व्यवस्था मुसलमान कुटुंबांना जाचक वाटते. २००६ मधे कोपनहेगनजवळ ब्रॉन्डबी इथे स्वतंत्र मुस्लिम दफनभूमी झाली, आणि बिस्पेबियर्गमधे मुसलमानांसाठी वेगळे विभाग आहेतच. पहिल्या पिढीतले कामगार, जे साठ-सत्तरच्या दशकात तुर्कस्तान आणि पाकिस्तानातून आले, ते आता म्हातारे होऊन जातायत. त्यांचे मृतदेह विमानाने परत न्यायचे की इथल्या मातीत ठेवायचे हा निर्णय त्यांची मुलं घेतायत, आणि इथे ठेवलं तर ती मुलं, नातवंडं या देशाची जास्त होतात असं मला वाटतं. एकीकडे रिकामे तुकडे आहेत म्हणून ओरडायचं आणि दुसरीकडे लांब मुदतीच्या कबरी द्यायला जागा नाही म्हणायचं, हे कसं चालेल?

आपलंही तेच आहे. इथे मराठी माणूस गेला की दहन होतं, प्रश्न राखेचा येतो. राख घरात ठेवायला इथला कायदा परवानगी देत नाही, ती सिमेटरीत पुरायची किंवा परवानगी काढून खुल्या समुद्रात सोडायची. बरेच जण समुद्र निवडतात किंवा नाशिकला, पैठणला घेऊन जातात, त्यात चूक काहीच नाही. पण ज्यांची मुलं इथेच राहणार आहेत त्यांच्यापैकी काहींना एखाद्या झाडाखाली एक जागा हवी असते, जिथे पितृपक्षात जाऊन उभं राहता येईल. अशा लोकांनी सिमेटरीच्या ऑफिसला जाऊन विचारावं, मागणी केली तर तुकडा मिळतो, मागितलं नाही तर महापालिकेच्या दृष्टीने तो तुकडा रिकामा आहे आणि रिकाम्याचं पार्क होणार.

तर चेरीचे फोटो काढणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की या, भरपूर या, पण ड्रोन उडवू नका, फांद्या ओढू नका, कबरीच्या कुंपणावर बाळाला बसवून फोटो काढू नका, आणि शेजारच्या रस्त्यावर अंत्ययात्रा दिसली तर फोन खिशात घाला. फोटो झाले की चर्चमधे जाऊन पाच मिनिटं विटांकडे बघत बसा आणि मग सिमेटरीत आत, ज्या भागात कोणी जात नाही तिकडे चाला, तिथे रिकामे तुकडे दिसतील. आणि जे काका आपल्या लोकांवर चिडतात त्यांनीही एकदा तिथे जाऊन बघावं, कारण गर्दी चार दिवसांची असते आणि सिमेटरीला खरा धोका गर्दीपासून नाही, त्या रिकाम्या तुकड्यांबद्दल पुढच्या बजेटमधे कोण काय ठरवतं त्यापासून आहे. स्थानिक निवडणुकीत आपल्यापैकी बऱ्याच जणांना मत देता येतं, नागरिकत्व नसलं तरी, काही वर्षं इथे राहिलेलं असलं की पुरतं. उमेदवार दारात आला की शाळा आणि सायकल ट्रॅकबरोबर हेही विचारा, की बिस्पेबियर्गच्या मोकळ्या विभागांत नव्या कबरींना, लांब मुदतीच्या कबरींना आणि सगळ्या धर्मांच्या कलशांना जागा ठेवणार का.